मोहरीलांच्या गाडीतला पिवळा दिवा

१

अपघात नावाची गोष्ट जगात नसते. प्रत्येक मृत्यूमागे कुणीतरी एक माणूस असतो आणि त्याला शोधून काढणं हे धर्मकार्य आहे, असं गिरिधर बोकारे यांचं ठाम मत होतं. मोटर वाहन निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काही हजार ट्रक बॉनेट न उघडता पास केले होते, ते बहुधा या मतावर विसंबूनच. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना बॉनेट उघडायचा नाद लागला. ते माझे शेजारी, आणि त्यांच्याकडे स्वतःचं वाहन नसल्यामुळे माझी स्कूटर त्यांच्या धर्मकार्यात आपोआप ओढली जायची.

१९८५ च्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी सकाळी एक बाई त्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या. कुसुमावती निमजे. इतवारीतल्या ताराचंद मिस्त्रीची बायको.

"भाऊ, आमचे हे सोमवारी ठाण्यात जाऊन राहिले," त्या म्हणाल्या. "लिहून देणार आहेत का अनंतभाऊले मी मारलं."

अनंत मोहरील कोण हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. धरमपेठेतल्या भैय्याजी मोहरीलांचा हा एकुलता एक मुलगा. अमेरिकेत शिकून आला, तो येताना दोन दारांची लाल जर्मन गाडी घेऊन आला. सव्वीस जानेवारीला उमरेड रस्त्यावरच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. तिसऱ्या फेरीत गाडी पट्टी सोडून शेजारच्या पुलाच्या भिंतीवर गेली. अनंत जागीच गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता.

इथवर अपघातच होता. पण चौथ्या दिवशी अनंतचा चुलतभाऊ जागेश्वर गाडीचा सांगाडा बघायला गेला, आणि त्यानं शहरभर सांगितलं की डॅशबोर्डातल्या पिवळ्या दिव्याचा बल्ब कुणीतरी काढून घेतलेला आहे. हा दिवा जानेवारीभर जळत होता. शर्यतीच्या दोन दिवस आधी तो विझला, म्हणून तर गाडी पट्टीवर गेली. आता कळलं की तो विझला नव्हता, विझवला होता.

"आणि विझवला मिस्त्रीनं," बोकारे म्हणाले.

"असं सारे म्हणतात. हे पण म्हणतात." कुसुमावतींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी अठरा वर्षं यायच्या संगं राहिली. खोटं बोलले का यायचा डावा कान लाल होते. परवा मले म्हणाले, बल्ब मीच काढला. कान पाह्यला मी."

"लाल होता?"

"गाजरासारखा. आता मले इतकंच सांगा, भाऊ, हे कोणासाठी खोटं बोलून राहिले."

२

ताराचंदचं गॅरेज पंधरा दिवस बंद होतं. शटर अर्धं वर करून आम्ही आत वाकलो. लाल गाडी मध्यभागी होती. पुढून ती गाडी राहिली नव्हती. मागून बघितलं तर अजून कुठेतरी निघाल्यासारखी वाटत होती.

ताराचंद कोष्ट्याचा मुलगा. बाप हातमागावर गेला, मुलगा मोटारीखाली गेला, पण घरची सवय गेली नव्हती. मागावरच्या घरात तुटलेल्या सुताचं वीतभर टोकही फेकत नाहीत, ते पुढे कशाला तरी जोडता येतं. ताराचंदच्या भिंतीवर बिस्किटांचे आणि वनस्पती तुपाचे पन्नासेक डबे होते आणि प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं होतं. जळके प्लग, १९७१. वाकडे खिळे. फुटक्या काचा, हेडलाइट. या माणसाकडे फुटक्या काचांनाही घर होतं.

"बसा जी," तो म्हणाला. त्याची दाढी वाढली होती आणि हात स्वच्छ होते. मिस्त्रीचे हात इतके स्वच्छ बघवत नाहीत.

"दिव्याचं सांग," बोकारे म्हणाले.

"पाच जानेवारीले लागला. त्याच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ऑक्सिजन सेन्सर. अनंतभाऊ म्हणाले, धुरातला ऑक्सिजन मोजाचं यंत्र राहते सायलेन्सरच्या नळीत. मी प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर साफ केला. वायरी तपासल्या, नळी सोडवून पाह्यली, साऱ्या गाडीचे नटबोल्ट आवळले. सतरा गोष्टी केल्या. दिवा काही हलेना. गाडी पण मस्त चालून राहिली होती. तेच मले खात होतं. गाडी म्हणे मी बरी आहे, दिवा म्हणे नाही."

"मग?"

"चोवीस तारखेले अनंतभाऊ गाडी घेऊन आले. म्हणाले, मिस्त्री, तुम्ही जिंकले, गेला दिवा. पेढे आणले होते." ताराचंदनं स्वच्छच हात पुन्हा फडक्याला पुसले. "त्या दिवशी मी काहीच केलं नवतं, साहेब. तीन दिवस गाडी माझ्याकडे आलीच नवती. मले मालूम होतं का मी काही केलं नाही. पण पेढे खाल्ले. दोन."

 बोकाऱ्यांनी टॉर्च घेऊन उखडलेल्या डॅशबोर्डामागे डोकं घातलं. बल्बचं पांढरं प्लास्टिकचं घर रिकामं होतं. वायर शाबूत. त्या पांढऱ्यावर पुसट तांबडा डाग होता, बोटाच्या टोकाएवढा.

"हे काय?"

"कुंकू आहे जी. दसऱ्याच्या पूजेचं," ताराचंद जरा घाईनं म्हणाला.

"हं. मग बल्ब तू केव्हा काढलास?"

"तेवीस तारखेले."

"आत्ता तर म्हणालास, तीन दिवस गाडी आलीच नव्हती."

ताराचंदनं एका डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"बरं, बल्ब कुठे आहे?"

"फेकला."

बोकाऱ्यांनी पन्नास डब्यांवरून सावकाश नजर फिरवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ताराचंदच्या डाव्या कानाकडे.

निघताना बोकाऱ्यांनी गॅरेजचं रजिस्टर मागितलं. आलेली प्रत्येक गाडी, तक्रार आणि मीटरचा आकडा ताराचंद लिहून ठेवायचा. पाच जानेवारीच्या ओळीवर बोकारे इतका वेळ थबकले की मला वाटलं त्यांचा चष्मा घसरला.

"मिस्त्री, या गाडीचा मीटर मैलांत आहे?"

"हो जी. अमेरिकेचा."

"आणि धरमपेठेतून इथवर किती मैल?"

"तीन."

ओळ अशी होती: पिवळा दिवा, घरातून निघतानाच लागला, मीटर ३०,००३.

३

"जळके प्लग चौदा वर्षं सांभाळणारा माणूस परदेशी नवा बल्ब फेकत नाही," स्कूटरवर माझ्या मागे बसून बोकारे ओरडत होते. "आणि पूजा कुणी डॅशबोर्डाच्या पाठीला करत नाही. लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात, स्टिअरिंगला हळदकुंकू लावतात. बल्बच्या घराला कोण लावतो?"

"ज्याच्या बोटाला आधीच लागलेलं होतं तो."

"तुम्ही कॉलेजात शिकवता तरी तुम्हाला कळतं," ते म्हणाले. ही त्यांची सर्वोच्च शाबासकी. "सांगाडा गॅरेजात आला तेव्हा ताराचंदनंही तो डाग पाहिला. म्हणून तर पूजेचं नाव घ्यायची घाई. तो कुणाला तरी झाकतो आहे."

जागेश्वर मोहरील सदरमध्ये टायरच्या दुकानात बसायचा. शर्यतीत तो दुसरा यायचा. अनंत येण्याआधी पहिला यायचा. संशय घ्यायला याहून सोयीचा माणूस मिळाला नसता, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

"विचारा काका, विचारा," तो म्हणाला. "सारं गाव विचारून राहिलं. बल्ब मी काढला का? नाही. मग बोंब काहून मारली? कारण दिसला नाही म्हणून. पंचनाम्यात काय आहे वाचलं कोणी? पुढचा डावा टायर फुटला. रिमोल्डचा होता, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला. तसला टायर इंडियात मिळत नाही, बाहेरून यायला चार महिने, शर्यत आठ दिवसांवर. मी म्हटलं, अनंता, रिमोल्डवर शंभराच्या वर जाऊ नको गा. तो हसला. माझ्याच दुकानातून करून घेतला."

त्यानं टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

"पंचनामा मी दहा जणांना सांगितला. दहाही जण म्हणाले, बघ, दिवा तेच सांगून राहिला होता."

बोकाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. संशयिताच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवल्याचं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"अनंतनं गाडीच्या पुस्तकात नव्हतं का पाहिलं? प्रत्येक गाडीबरोबर पुस्तक येतं."

जागेश्वर विचित्र हसला. "पुस्तक? ते मोठ्या काकांना विचारा. पुस्तकावरूनच तर भांडण झालं."

४

भैय्याजी मोहरील कोळशाच्या वाहतुकीत मोठे झालेले गृहस्थ. बोलताना समोरच्याला ट्रक समजून हात करायची त्यांची सवय. त्या दिवशी हात मांडीवर पडून होते.

"ऑक्सिजन," ते म्हणाले. "माझ्या वडलांना शेवटी ऑक्सिजन लावला होता. आठ दिवस. नळी, सिलिंडर, त्यातले बुडबुडे. या घरात ऑक्सिजन लागला आणि माणूस परत आला असं झालं नाही, बोकारे. त्या पोराच्या गाडीत तोच शब्द पेटला. मी म्हटलं, दिवा विझल्याशिवाय गाडी पट्टीवर जाणार नाही. चुकलं का माझं?"

"आणि पुस्तक?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

मोहरीलांकडे पणजोबांपासूनचा कुळाचार होता. धंद्याचं जे पुस्तक दसऱ्याला देवघरात पुजायचं ते गुढीपाडव्याला उघडायचं, मध्ये हात लावायचा नाही. आधी वह्या असायच्या. मग ट्रकची कागदपत्रं आली. गेल्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली आणि भैय्याजींच्या सांगण्यावरून गाडीचं इंग्रजी पुस्तकही लाल फडक्यात बांधून पाटावर गेलं. दिवा लागल्यावर अनंतनं ते मागितलं.

"मी म्हटलं पाडव्याला घे. तो म्हणाला, बाबा, शर्यत पाडव्यासाठी थांबत नाही. मी म्हटलं, मग कुळाचार शर्यतीसाठी थांबेल का. मिस्त्री कशाला ठेवलाय आपण." भैय्याजींनी समोरचं वर्तमानपत्र बाजूला सारलं. "त्यानंतर चार दिवस बोललो नाही. एका ताटाशी बसलो नाही. चोवीस तारखेला तो धावत वर आला, म्हणाला, बाबा, दिवा गेला. त्या रात्री बरोबर जेवलो. वांग्याची भाजी होती. दुसऱ्या रात्री तो मित्रांकडे जेवला आणि सकाळी मी उठायच्या आत गेला."

आतून चहा आला. आणणाऱ्या पार्वतीबाई होत्या, अनंतच्या आई. बारीक चणीच्या, न दिसता वावरणाऱ्या. कपबशी ठेवताना त्यांचा हात टेबलाच्या कडेला लागला आणि टेबलावरचा दिवा लुकलुकला.

"होल्डर सैल झाला आहे," त्या सवयीनं म्हणाल्या.

"ही बसवेल," भैय्याजी म्हणाले. "घरात फ्यूज गेला तर हीच. गणपतीची माळ दरवर्षी हीच जोडते, दोनशे बल्ब. मी नेहमी म्हणायचो, अमेरिकेला हिलाच पाठवायला पाहिजे होतं."

विनोद त्यांनी आठवणीनं केला, तोंड मात्र हसलं नाही.

"वहिनी," बोकारे म्हणाले, "ते पुस्तक मला बघायला मिळेल का? पाडव्याला अजून महिना आहे, माहीत आहे मला."

भैय्याजी काही बोलण्याआधीच पार्वतीबाई म्हणाल्या, "या वर्षी आमच्याकडे पाडवा नाही. चला."

५

देवघर छोटं होतं. देव्हाऱ्यापुढचा पाट, त्यावर लाल फडकं, फडक्यावर वाळलेली आपट्याची पानं. पार्वतीबाईंनी पुस्तक उचलून बोकाऱ्यांच्या हातात दिलं. आता त्यांच्या बोटांना काही लागलेलं नव्हतं. सुतक फिटल्यापासून देवाची पूजा भैय्याजीच करत होते.

वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. झाकण अर्धवट. आत गणपतीच्या माळेचे सुटे बल्ब: लाल, हिरवे, निळे, वाटाण्याएवढे. त्यांच्यावर कापसाच्या गादीवर ठेवल्यासारखा एक बल्ब वेगळा होता. काच साधी, बूड पितळी.

बोकाऱ्यांनी तो पाहिला. मी त्यांना पाहताना पाहिलं. आणि त्यांना पाहताना पार्वतीबाईंनी पाहिलं.

बत्तीस वर्षं हा माणूस या एका क्षणाची वाट बघत होता. मला वाटलं, आता बोट वर होणार.

"पुस्तक रविवारी परत आणतो," बोकारे म्हणाले, आणि चपला घालायला बाहेर आले.

रस्त्यावर मी विचारलं, "का नाही बोललात?"

"आधी वाचू द्या," ते म्हणाले. "बिघाडाला गोल आकडे आवडत नाहीत. मोटारी अठ्ठावीस हजार सातशे अकरावर बिघडतात, एकोणतीस हजार तीनशे आठवर बिघडतात. बरोबर तीस हजारावर काय बिघडतं हो?"

६

रविवारी सकाळी मोहरीलांच्या दिवाणखान्यात सगळे जमले. बोकाऱ्यांनीच बोलावलं होतं. अशा वेळी सगळ्यांना एका खोलीत बसवायचं असतं ही त्यांची समजूत. भैय्याजी, पार्वतीबाई, जागेश्वर. ताराचंद दाराजवळ उभा होता, शेजारी कुसुमावती. सोमवारी ठाण्यात द्यायचा कागद त्याच्या खिशातून डोकावत होता.

बोकाऱ्यांनी लाल फडकं सोडलं. पुस्तकाची पानं कुंकवानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती सुरीनं सोडवली होती.

"पान एकसष्ट," ते म्हणाले. "मराठीत सांगतो. हा दिवा गाडीत बिघाड झाल्याचं दाखवत नाही. मीटरला एक मोजणी जोडलेली आहे. तीस हजार मैल पूर्ण झाले की दिवा लागतो. गाडी उत्तम असली तरी लागतो. अर्थ इतकाच, की त्या सेन्सरचं वय झालं, पुढच्या वेळी बदलून घ्या."

त्यांनी बोट दोन ओळी खाली नेलं.

"त्या सेन्सरबद्दल आणखी एक. सूचना आहे की गाडीत शिसं मिसळलेलं पेट्रोल घालू नये, सेन्सर निकामी होतो. आपल्याकडे दुसरं पेट्रोलच नाही. म्हणजे पहिल्या एकदोन टाक्यांतच तो मेला असणार. गाडी त्याच्यावाचून चालत होती आणि दिव्याला त्याचा पत्ता नव्हता. दिवा टायरचा नव्हता, इंजिनचा नव्हता. तो मैल मोजत होता. त्यामुळे बल्ब कुणी काढला याला काही महत्त्व उरत नाही, आणि मी ते सांगणार नाही."

माझ्या माहितीतलं हे एकमेव रहस्य, ज्याच्या उलगड्यात गुन्हेगाराचं नाव मुद्दाम गाळलं होतं. योजना चांगली होती. ती पार्वतीबाईंनी मोडली.

त्या उठून आत गेल्या आणि मूठ मिटून आल्या. बल्ब त्यांनी काचेच्या टेबलावर ठेवला. तो घरंगळला, तेव्हा जागेश्वरनं बोटानं अडवला.

"तेवीस तारखेला, पूजा झाल्यावर," त्या म्हणाल्या. "तो झोपला होता. खालून हात घातला, फिरवला, निघाला. माळेचा निघतो तसाच." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही दोघं बोलत नव्हते. जेवण तसंच परत येत होतं. मला वाटलं, एवढ्याशा दिव्यानं घर गप्प झालं आहे."

भैय्याजींचा हात उठला, ट्रकला करतात तसा, आणि मध्येच विसरल्यासारखा खाली आला.

"म्हणजे मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही," ते म्हणाले, "ते गाडीचे मैल झाले म्हणून?"

 

ताराचंद दारातून पुढे आला. "माय, बसा," तो म्हणाला. "मले मालूम होतं. कुंकू पाह्यलं होतं मी. तुमच्या घरी कपात चहा भेटत होता मले, तुमच्याच कपात. मी म्हटलं, आईचं नाव काहून यावं. तसाही मी पेढे खाल्ले होते."

"मी तुला मारेकरी होऊ दिलं असतं, ताराचंद," पार्वतीबाई म्हणाल्या. "सोमवार येऊ दिला असता. मला धीर झाला नसता."

"झाला न आता."

कुसुमावती पुढे झाल्या, नवऱ्याच्या खिशातला कागद काढला, चार घड्या घालून स्वतःच्या कमरेला खोचला. "चाला घरी," त्या म्हणाल्या. "उद्या शटर उघडा. पाटलाची जीप दहा दिवसांची उभी आहे."

ताराचंद मात्र जागचा हलला नाही. तो टेबलावरच्या उघड्या पुस्तकाकडे पाहत होता. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळत होतं. एकोणीस दिवस त्यानं त्या दिव्याशी झुंज दिली होती. माणूस गेला, गाडी गेली, तरी प्रश्न उरला होता, आणि तो मिस्त्रीचा होता.

"साहेब," त्यानं विचारलं, "मंग तो बुझवाचा कसा होता?"

बोकाऱ्यांनी चष्मा वर केला, पानाच्या तळाशी बोट नेलं आणि वाचून दाखवलं. स्टिअरिंगखाली डाव्या बाजूला एक काळी डबी असते. तिच्यावर पांढरं बटण असतं. ते एकदा दाबावं. कोणत्याही हत्याराची गरज नाही.